वधस्तंभाचं कोडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॅम्पातल्या एका मराठी चर्चमध्ये मी दृढीकरणाचा, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलांनी स्वतःच्या तोंडानं श्रद्धा कबूल करायच्या आधीचा, वर्ग घेते. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न यायला लागतात, वर्गातल्या मुलांचे, त्यांच्या आईवडिलांचे, आणि सोसायटीतल्या, ऑफिसातल्या हिंदू मैत्रिणींचे तर हमखास. दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात पण ते खरंच चांगले असतात, म्हणून यावेळी एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. एक आधीच सांगते. वधस्तंभाबद्दल काहीही बोलायला गेलं की दोन टोकं हातात येतात: देव आणि मरण, हार आणि जीत, शिक्षा आणि माफी. एक टोक सोडून दिलं की उत्तर एकदम सोपं होतं, पण मग ज्याबद्दल विचारलं होतं तेच हातातून गेलेलं असतं. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, जरा दमानं वाचा.

१. येशूला मारलं त्या दिवसाला "गुड" फ्रायडे कसं काय म्हणता?

इंग्रजीत जुन्या काळी "गुड" हा शब्द पवित्र या अर्थानंही चालायचा, तिथून हे नाव आलं आणि आपण मराठीत त्याचं उत्तम शुक्रवार केलं. जर्मन लोक याच दिवसाला शोकाचा शुक्रवार म्हणतात. दोन्ही बरोबर आहे. शुभेच्छा द्यायच्या का असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच, तर त्या दिवशी नका देऊ. आम्ही पांढरे कपडे घालून दुपारी बारा ते तीन उपासनेला बसलेलो असतो, येशूच्या शेवटच्या सात उद्गारांवर एकामागून एक संदेश होतात, बऱ्याच जणांचा उपास असतो. रविवारी, येशू पुन्हा उठला त्या ईस्टरच्या दिवशी, मात्र हक्कानं शुभेच्छा द्या आणि जेवायलाही या.

२. वधस्तंभ, क्रूस, क्रॉस हे एकच ना?

एकच. क्रूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि कॅथलिक मंडळी तो वापरतात, प्रोटेस्टंटांच्या मराठी बायबलमध्ये वधस्तंभ आहे. मला वधस्तंभ शब्द फार आवडतो कारण आपल्याकडे स्तंभ म्हटलं की विजयस्तंभ आठवतो, कीर्तिस्तंभ आठवतो, आणि इथे त्याच शब्दाच्या मागे वध येऊन बसलाय. सगळं कोडं एका शब्दात आलंय (प्रश्न ११ बघा).

३. मारायचं हत्यार गळ्यात घालून कसं फिरता? विचित्र नाही वाटत?

आता नाही वाटत, आणि तीच अडचण आहे. कल्पना करा, कोणीतरी सोन्याचा छोटासा फाशीचा दोर करून गळ्यात घातलाय आणि लक्ष्मी रोडवर फिरतंय. रोमन लोकांना क्रूस तसाच दिसायचा, किंबहुना त्याहून वाईट, कारण फाशी निदान लवकर संपते. ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना होती, भर रस्त्यात, कपडे काढून, सगळ्यांनी बघावं म्हणून. सिसेरो हा रोमन वक्ता म्हणाला होता की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या मनात, डोळ्यांत, कानांत येऊ नये. ज्यू लोकांची अडचण आणखी वेगळी, त्यांच्या शास्त्रात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की झाडाला टांगलेला माणूस देवानं शापलेला असतो. म्हणजे "खिळलेला मशीहा" (मशीहा म्हणजे देव पाठवणार होता तो राजा) हे शब्द त्यांच्या कानाला एकत्र बसणारेच नव्हते. पहिल्या चर्चचा प्रेषित पौल यानं हे लपवलं नाही, तो करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना सरळ लिहितो की आमचा संदेश एकाला अडखळण वाटतो आणि दुसऱ्याला मूर्खपणा.

रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर भिंतीवर कोरलेलं एक जुनं चित्र सापडलंय. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर करून उभा असलेला एक मुलगा, आणि बाजूला ओबडधोबड ग्रीक अक्षरांत लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतोय. ख्रिस्ती पोराची टिंगल आहे ती, आणि वधस्तंभाच्या आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक तीच आहे. ख्रिस्ती लोकांनी स्वतः येशूला क्रूसावर दाखवणारी चित्रं उघडपणे काढायला पाचवं शतक उजाडावं लागलं, तोवर ही शिक्षा बंद झाली होती, लोकांच्या डोळ्यांसमोरून गेली होती. मी वर्गात पहिल्याच दिवशी अलेक्सामेनोसची गोष्ट सांगते. ती ऐकून मुलं गळ्यातला क्रॉस हातात घेऊन बघतात, मला तेवढंच हवं असतं.

४. देव मरू शकतो का? आणि मेला तर तेवढा वेळ जग कोण चालवत होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि पहिल्या पाच शतकांत चर्चही याच्यावरच भांडत होतं, त्यामुळे विचारायला लाजू नका.

सोपी उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही चर्चनं नाकारली. पहिलं असं की बाप, पुत्र ही नुसती नावं आहेत, स्वर्गातला बापच खाली आला आणि मेला. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तर्तुलियन नावाच्या लेखकानं हे मांडणाऱ्यावर फार कडक शब्दांत टीका केली, की यानं तर बापालाच खिळलं. दुसरं सोपं उत्तर असं की येशू नावाच्या माणसात देव राहायला आला होता आणि मरायच्या आधी निघून गेला, मेला तो फक्त माणूस. आजही कितीतरी चर्चला जाणारे लोक मनातल्या मनात हेच मानतात आणि त्यांना वाटतं आपण देवाची इज्जत राखतोय.

चर्चनं काय म्हटलं? ३२५ साली निकाया इथल्या बिशपांच्या सभेत म्हटलं की पुत्र पूर्ण देव आहे, कमी दर्जाचा नाही. ४५१ साली खाल्किदोनच्या सभेत म्हटलं की येशू एकच व्यक्ती आहे, देवपण आणि माणूसपण दोन्ही पूर्ण, त्यांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. मग ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलला आणखी धीटपणे म्हटलं की त्रैक्यातला (बाप, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, त्यातला) एकजण देहानं खिळला गेला. "देहानं" हा शब्द महत्त्वाचा आहे. फोडणी करताना तेल उडून हाताला भाजलं तर आपण "हात भाजला" म्हणतो आणि "मी भाजले" असंही म्हणतो. भाजली ती कातडी, पण भाजले कोण? मीच. तसं मरण देहाचं, पण मेला कोण विचारलं तर देवाचा पुत्र. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल म्हणायचा, दुःख न होणाऱ्यानं दुःख भोगलं, आणि हे वाक्य तो सुटसुटीत करायला तयार नव्हता.

जग कोण चालवत होतं, याचं उत्तर यातच आहे. ख्रिस्ती समजुतीत मरण म्हणजे नाहीसं होणं नव्हे, देह आणि आत्मा वेगळे होणं. पुत्राचं देवपण कुठे संपलं नव्हतं. शनिवारी नेमकं काय झालं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

५. देवच होता तर त्याला दुखलं कसं असेल? थोडक्यात सगळं नाटक?

नाही. "नुसतं दिसायला माणूस" हा विचार पहिल्या शतकाच्या शेवटापासूनच होता आणि योहानाच्या पत्रांमध्येच त्याला विरोध आहे. मुसलमान मैत्रिणी विचारतात त्यांच्यासाठी सांगते, कुराणात चौथ्या सुऱ्यात येशूला मारलं नाही, क्रूसावर दिलं नाही असं म्हटलंय, म्हणजे तिथे आपला मतभेद खरा आहे, तो झाकायचं कारण नाही. शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यांची येशूच्या आयुष्यावरची चार पुस्तकं, मात्र त्याचा देह सोडतच नाहीत. पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत तो हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणतो, म्हणजे त्याला मरायचं नव्हतं, आणि लगेच तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणतो. ६८१ साली चर्चनं याच प्रसंगावरून ठरवलं की त्याची माणसाची इच्छाही खरी, पूर्ण होती. पुढे वधस्तंभावर "मला तहान लागली आहे". देवपणामुळे भूल दिल्यासारखं काही झालं असेल असं एका ओळीतही सुचवलेलं नाही.

६. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" देवच देवाला असं कसं विचारतो?

आधी साधी माहिती. हे वाक्य मार्क आणि मत्तय दोघांकडे आहे, आणि मार्कानं मूळ अरामी शब्दही ठेवलेत, एलोई, एलोई, लमा सबख्थनी. हे बायबलच्या जुन्या करारातल्या २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. ते स्तोत्र आक्रोशानं सुरू होतं आणि स्तुतीनं संपतं, म्हणून बरेच जण सांगतात की येशूनं पहिली ओळ म्हटली म्हणजे पूर्ण स्तोत्रच मनात होतं, शेवटी विश्वासच होता, काळजी नको. यात तथ्य आहे. पण हे उत्तर घाईघाईनं दिलेलं मला आवडत नाही. आक्रोश बाजूला सारून स्तुतीकडे उडी मारायची तर त्यानं शेवटचीच ओळ म्हटली असती की.

माझी आई गेली तेव्हाची गोष्ट सांगते. तोंडावाटे काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, ओठ सुकून पापुद्रे आलेले, मी कापसाचा बोळा स्टीलच्या वाटीत बुडवून तिच्या ओठांना लावायचे आणि ती तो बोळाच चोखायला बघायची. आयुष्यभर रोज पहाटे प्रार्थना केलेली बाई, त्या रात्री मला म्हणाली, देव दिसंना गं कुठं. मी काही बोलू शकले नाही. सकाळी पाळकसाहेब आले, मला वाटलं ते २३ वं स्तोत्र काढतील, परमेश्वर माझा मेंढपाळ, सगळे तेच वाचतात. त्यांनी २२ वं काढलं. पहिली ओळ वाचली तशी आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, हे त्यानं पण म्हटलंय. एवढंच. नंतर बराच वेळ तिनं माझा हात धरून ठेवला होता, बोळा धरलेलाच हात, ओला.

तर उत्तर. दोन टोकं आहेत. पुत्र बापापासून कधीच तुटू शकत नाही, त्रैक्य फुटत नाही, हे एक. आणि त्यानं खरोखर सोडून दिल्याचा अनुभव घेतला, तोंडदेखला नाही, हे दुसरं. १९७२ साली जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते इतकं पुढे जातात की दुःख देवाच्या आतच शिरलंय म्हणतात. जुन्या पठडीतले लोक म्हणतात इतकं नको. मी त्या वाक्यातल्या एका शब्दावर थांबते, "माझ्या". ज्यानं सोडलं त्यालाच "माझ्या देवा" म्हणून हाक मारलीय. तक्रारही त्याच्याकडेच केलीय.

७. ज्याचं कर्म त्यानं भोगायचं. माझ्या पापाची शिक्षा दुसऱ्यानं कशी भोगायची? हा न्याय झाला का?

प्रश्न अगदी रास्त आहे. खून मी केला आणि न्यायाधीशानं माझ्या भावाला फासावर दिलं तर त्याला कोणीच न्याय म्हणणार नाही, मग भाऊ आपखुशीनं पुढे आलेला असला तरी. "आपली शिक्षा येशूला मिळाली" एवढ्यावर उत्तर संपवणाऱ्यांनी या आक्षेपाला तोंड द्यायला पाहिजे.

आपल्या मराठीत या गोष्टीला प्रायश्चित्त म्हणतात, आणि पुण्यात राहून या शब्दाचा इतिहास विसरता येत नाही. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंच हौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी गेली आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, त्यावरून केवढं ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. म्हणजे आपल्याकडे प्रायश्चित्त घेतो तो दोषी माणूस. स्वतःच, स्वतःसाठी. आणि याच पुण्यात, त्याच पंच हौदाच्या चर्चमध्ये, तोच शब्द मराठीत उलटा वापरला जातो, की ज्याचा काही दोष नाही त्यानं प्रायश्चित्त केलं. भाषांतरकारांनी जुनाच शब्द घेतला आणि त्यात पूर्ण उलटा अर्थ भरला. ज्यांना तो पहिल्यांदा ऐकताना खटकतो त्यांना तो बरोबर समजलाय.

हे नेमकं कसं घडतं याबद्दल कुठल्याही मोठ्या सभेनं एकच ठरावीक सिद्धांत बांधून दिलेला नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं. जुन्या लोकांनी म्हटलं येशू म्हणजे खंडणी, आपल्याला सोडवायला दिलेली. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी तर म्हणतो गळाला आमिष लावावं तसं माणूसपणाच्या आत देवपण होतं आणि सैतानानं ते गिळलं. अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्म म्हणाला की देवाचा मान राखायचं देणं माणसाचं होतं आणि फेडायची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव-माणूसच हवा. त्याच्यानंतर लगेच आबेलार म्हणाला, ते प्रेम बघून आपलं मन पालटतं, हेच तारण. प्रोटेस्टंट धर्मपुढारी कॅल्व्हिननं कोर्टाच्या भाषेत शिक्षा सांगितली. मला प्रत्येकात काहीतरी खरं वाटतं, आणि कुठलाही एक पुरेसा वाटत नाही.

पण न्यायाच्या आक्षेपाबद्दल मला एकच सांगायचंय. येशू इथे तिसरा माणूस नाहीये. टाळेबंदीच्या वेळी आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या काकांनी दोन-तीन घरांची उधारी खोडली. मी तिथेच उभी होते, लांबट वही, लाल पेनानं नावावर आडवी रेघ. ज्यांची उधारी होती त्यांना वाटलं पैसे नाहीसे झाले, पण साखर, तेल, डाळ तर गेलीच होती ना, ती काकांच्या खिशातून गेली. ज्याचं देणं लागतो त्यानंच माफ केलं की नुकसान त्याच्याकडेच जाऊन बसतं, यात अन्याय कुठे आला? कलस्सैकरांच्या पत्रात हेच चित्र आहे, आपल्याविरुद्धचा कर्जाचा लेख त्यानं वधस्तंभाला खिळून टाकला. पण हे उदाहरण उभं राहतं ते येशू खरोखर देव असेल तरच. नसेल तर तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर. म्हणून प्रश्न ४ आधी येतो.

८. देवाला माफ करायला रक्तच का लागतं? बापानं स्वतःच्या मुलाला मारलं असंच झालं ना?

असं शिकवलं जात असेल तर चुकीचं शिकवलं जातंय. रागावलेला बाप एकीकडे आणि प्रेमळ येशू मधे पडून मार खातोय, हे चित्र त्रैक्याचे दोन तुकडे करतं. बायबल म्हणतं देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. प्रेमापासून सुरुवात झाली आणि वधस्तंभ त्यातून आला. वधस्तंभ झाला म्हणून देव प्रेम करायला लागला असं नव्हे. आणि योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. रक्त सांडलं ते माणसांनी. खिळे शिपायांनी ठोकले.

९. सगळं आधीच ठरलं होतं तर येशूला पैसे घेऊन धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याची चूक काय? त्यानं तर मदतच केली की.

वर्गातली हुशार मुलं इथेच धरतात. बायबल दोन्ही गोष्टी एका दमात म्हणतं आणि मधे "पण कसं" चं उत्तर देत नाही. मार्क १४:२१ मध्ये येशू म्हणतो, मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) लिहिल्याप्रमाणे जातो खरा, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याची केवढी दुर्दशा. प्रेषितांची कृत्ये २:२३ मध्ये येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, देवाच्या ठरलेल्या संकल्पानं तो दिला गेला, आणि तुम्ही त्याला मारलंत. देवाला माहीत होतं म्हणजे देवानं ढकललं असं होत नाही. तीस रुपये मोजून घेणारा हात यहूदाचाच होता. वाईटातून देवानं चांगलं काढलं म्हणून वाईट चांगलं होत नाही, तरी कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री आदामाच्या पापाला "धन्य तो अपराध" असं गातात, ते ऐकताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो.

यहूदाला माफी मिळाली असती का हाही प्रश्न येतो. पेत्रानंही त्याच रात्री मी येशूला ओळखत नाही असं म्हणून तीनदा नाकारलं. पेत्र रडला आणि थांबला, यहूदा थांबला नाही. त्याच्या पुढचं देवाकडे.

१०. येशूला ज्यू लोकांनी मारलं ना?

हे वाक्य कृपा करून मुलांना शिकवू नका, या एका वाक्यावरून शतकानुशतकं लोकांना जाळलंय, हाकललंय. क्रूसाची शिक्षा रोमन, हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा, शिपाई रोमन. यरुशलेमेतल्या काही धर्मपुढाऱ्यांचा हात होता हे शुभवर्तमानं सांगतात, पण येशू, मरीया, पेत्र, पौल सगळे ज्यूच होते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन सभेनं स्पष्ट म्हटलं की हा दोष त्या वेळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही. आमच्या गुड फ्रायडेच्या गीतांत कोणी मारलं या प्रश्नाला "माझ्या पापांनी" असंच उत्तर येतं.

११. शेवटी तो जिंकला की हरला?

बघणाऱ्यांना हरलेलाच दिसला. "त्यानं दुसऱ्यांना वाचवलं, त्याला स्वतःला वाचवता येत नाही" असं म्हणून हसणाऱ्यांना कळलंच नाही की ते अगदी खरं बोलताहेत, स्वतःला वाचवलं असतं तर दुसऱ्यांना वाचवणं झालं नसतं. योहान तर "उंच केला जाणं" हा एकच शब्द क्रूसावर चढवणं आणि गौरवानं उंचावणं या दोन्ही अर्थांनी वापरतो, त्यामुळे त्याच्या शुभवर्तमानात वधस्तंभ हेच सिंहासन होतं, वर पाटीसुद्धा तीन भाषांत "यहूद्यांचा राजा". शेवटचा शब्द "पूर्ण झालं आहे", हरलेल्या माणसाचा शब्द वाटत नाही तो. आणि मार्कात हा देवाचा पुत्र होता हे पहिल्यांदा कोणा माणसाच्या तोंडून येतं, तर तो मारणाऱ्या तुकडीचा रोमन शताधिपती, म्हणजे अंमलदार.

माझी सगळ्यात आवडती जागा प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. योहानाला सांगतात, रडू नको, यहूदा वंशाचा सिंह (हा यहूदा वेगळा, येशूचा पूर्वज) जिंकलाय. तो वळून बघतो तर सिंह नाहीच, वधलेलं कोकरू उभं आहे. पुढे सबंध पुस्तकात तो सिंह पुन्हा कधी दिसत नाही, कोकरूच राहतं.

१२. मार्क म्हणतो सकाळी नऊला खिळलं, योहान म्हणतो बारा वाजता तो अजून पिलातासमोरच होता. बरोबर कोण?

फरक आहे, मी तो नाकारत नाही. दिवसाचाही आहे: मत्तय, मार्क, लूक यांच्याकडे शेवटचं जेवण हे वल्हांडण या ज्यू सणाचं जेवण आहे, योहानाकडे वल्हांडण अजून यायचाय. कोणी म्हणतं योहान वेगळ्या पद्धतीनं तास मोजतो, कोणी म्हणतं तेव्हा घड्याळं कुठे होती. मला वाटतं योहानाला कोकरू दाखवायचंय, वल्हांडणाची कोकरं मंदिरात कापली जातात त्याच दुपारी येशू मरतो. शुक्रवार, पिलात, क्रूस, रिकामी कबर, यावर चौघांचं एकमत आहे.

१३. येशूच्या शेजारी खिळलेल्या, आयुष्यभर गुन्हे केलेल्या चोराला शेवटच्या तासात सुखलोक? ज्यांना त्यानं लुबाडलं त्यांचं काय?

बोचतं खरं. तो स्वतः काय म्हणतो ते आधी बघा, आपल्याला मिळतंय ते योग्यच आहे म्हणतो, सुटका मागत नाही, फक्त आठवण ठेव म्हणतो. शिक्षाही त्याची टळली नाही, त्याचे पाय मोडले गेले. ज्यांचं नुकसान झालं त्यांना विसरा असं लूक कुठेच म्हणत नाही. अंत्यविधीला मी कितीदा हा उतारा ऐकलाय आणि ज्या घरांत गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला कोणाकडे काही नव्हतं तिथे याच उताऱ्यानं लोकांना मान वर करता आली.

१४. येशू म्हणतो "आपला क्रूस उचल", म्हणजे नवरा मारत असला तरी सहन करायचं का?

नाही. एकदम नाही. हा प्रश्न मला गेल्या वर्षी रात्री साडेअकराला आला, एका बाईकडून, तिला तिच्या ओळखीच्या एका मोठ्या विश्वासू माणसानं सांगितलं होतं, येशूनं सहन केलं, तूही कर. मी रात्रभर झोपले नाही, रागानं.

येशूनं आपण होऊन प्राण दिला (प्रश्न ८), त्याच्यावर कोणी लादलं नाही, आणि दुसऱ्यांना वाचवायला दिला. मार खाऊन नवरा वाचत नाही, तो आणखी बिघडतो आणि मुलं ते बघत मोठी होतात. येशू स्वतःसुद्धा कितीदा जमावाच्या हातून निसटून गेलाय, नासरेथात लोक कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा त्यांच्या मधून चालत गेला. अन्याय करणाऱ्याच्या बाजूनं वधस्तंभ वापरता येत नाही, तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आहे. तुमच्यावर ही वेळ असेल तर आधी सुरक्षित जागी जा, महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर फोन करा, मग पाळकांकडे या. केडगावला पंडिता रमाबाईंनी विधवा, निराधार बायकांसाठीच तर मुक्ती मिशन उभं केलं, आणि वधस्तंभावर त्यांची श्रद्धा कोणापेक्षा कमी नव्हती.

१५. शुक्रवारी संध्याकाळी पुरलं, रविवारी पहाटे उठला. तीन दिवस कुठे झाले? आणि शनिवारी येशू कुठे होता?

तासांत मोजलं तर चाळीसही भरत नाहीत. ज्यू पद्धतीत दिवसाचा तुकडाही पूर्ण दिवस धरायचे. बायबलमधल्या एस्तेर राणीच्या गोष्टीत ती तीन दिवस, रात्रंदिवस उपास करा म्हणते आणि तिसऱ्याच दिवशी राजासमोर जाऊन उभी राहते.

शनिवारबद्दल आपण मतांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीत, म्हणतो, तो अधोलोकात (मेलेल्यांच्या जगात) उतरला. पूर्वेकडच्या चर्चच्या चित्रांत येशू तुटलेल्या दारांवर उभा आहे आणि आदाम-हव्वेला मनगटाला धरून थडग्यातून वर ओढतोय. मनगट धरलंय, हात हातात नाही, म्हणजे त्यांनी काही धरलेलं नाही, तोच ओढतोय. पाश्चात्त्य चर्चमध्ये मात्र शनिवारी शांतता असते. आमच्याकडे सकाळी आम्ही बायका चर्च साफ करायला जमतो. वेदीवर काही नसतं, काळं कापड तसंच असतं, कोणी मोठ्यानं बोलत नाही. पितळी फुलदाण्या पितांबरीनं घासून पालथ्या घालतो. गुलटेकडीहून गुलछडीच्या जुड्या आलेल्या असतात, गेल्या वर्षी नवीनच लग्न होऊन आलेल्या एका मुलीनं विचारलं, मावशी, लावू का आता वेदीवर? मी म्हटलं, नको गं, उद्या पहाटे. मग त्या तशाच मागच्या खोलीत पाण्याच्या बादल्यांमध्ये ठेवल्या आणि दार लावून घेतलं, तरी दुपारपर्यंत त्यांचा वास पुढच्या बाकांपर्यंत आला होता.